वय कितीही असो, पोहायला शिका: सांगली-मिरजेतल्या नवशिक्यांसाठी

कृष्णाकाठी राहून पोहता येत नाही म्हटलं की बाहेरगावचे पाहुणे हसतात. पण आपल्याकडे अशी मोठी माणसं पैशाला पासरी आहेत, बायका तर जास्तच. शेतातल्या विहिरी बुजल्या किंवा आटल्या, घाटावरचं धुणं बंद झालं, आणि तलावावर आपण गेलो ते पोरांना उन्हाळी शिबिराला सोडायला. मी स्वतः चाळिशी उलटल्यावर शिकले. आमच्या लेडीज बॅचमध्ये साठीच्या काकूही होत्या आणि त्या माझ्याआधी तरंगल्या.

"आता या वयात कुठं?" हा प्रश्न घरातून येणारच. त्याला आपल्याच जिल्ह्यातलं उत्तर आहे. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात होते, बॉक्सिंग करायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं आणि उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक जिंकलं. तुम्हाला-मला पदक नको आहे. तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न घाबरता जाता आलं तरी पुष्कळ.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मोठ्या माणसाचं घोडं हातापायांवर अडत नाही, श्वासावर अडतं. शिकवणारे सर बहुधा लहानपणीच पोहायला शिकलेले असतात, त्यामुळे पाण्यात तोंड घालायचीच भीती वाटते हे त्यांच्या पटकन ध्यानात येत नाही. ते पहिल्या दिवसापासून "पाय मारा, पाय मारा" म्हणतात. पाय मारा, पण खाली दिलेला क्रम सोडू नका.

१. शिकायला नदी नको, विहीरही नको

"आमच्या वेळी पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलायचे, दोन दिवसांत पोहायला यायचं" असं सांगणारे तात्या प्रत्येक घरात असतात. डबा किंवा वाळलेला भोपळा बांधण्याची ती पद्धत वाईट नव्हती. पाठीवरच्या डब्यामुळे अंग आपोआप आडवं राहतं आणि वरून काका दोर धरून असायचे. पण आज ते काका नाहीत, दोर नाही, आणि विहिरीत उतरल्या क्षणी पायाखाली काही नसतं. दमल्यावर धरायला कठडाही नसतो.

नदीचं तर नावच काढू नका. पाण्याखालचा तळ दिसत नाही, वाळू उपशाचे खड्डे कुठे आहेत ते कळत नाही. गुडघाभर पाण्यात चालता चालता पुढचं पाऊल थेट डोक्यावर पाणी जाईल अशा ठिकाणी पडतं. भिलवडी, औदुंबरपासून खाली सांगलीपर्यंतच्या पट्ट्यात मगरी आहेत, हे तर काठावरच्या कुणालाही विचारा. आणि पावसाळ्यात इथं कडक ऊन पडलेलं असतानाही वर कोयनेतून, वारणेतून विसर्ग वाढला की पाणी चढतं. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर इशारा पातळी आणि ४५ फुटांवर धोका पातळी धरतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं. तलावात शिकलेलं पोहणं अशा पाण्यात उपयोगी पडेल या भ्रमात राहू नका. पुरात आधी लाइफ जॅकेट, बाकी सगळं नंतर.

२. तलाव बघून या, मगच पैसे भरा

महापालिकेचा, क्रीडा संकुलाचा, कॉलेजचा, क्लबचा, कुठलाही चालेल. फी वेगवेगळी असते आणि दरवर्षी बदलते, म्हणून आकडा देत नाही. पण बॅच चालू असताना एकदा जाऊन अर्धा तास काठावर बसा. काय बघायचं?

खोल बाजूचा तळ आणि तळावरच्या काळ्या रेघा काठावरून स्वच्छ दिसल्या पाहिजेत. पाणी गढूळ असेल तर बुडालेला माणूस लाइफगार्डलाही दिसणार नाही, तेव्हा तिथून परत फिरा. उथळ बाजूला साडेतीन-चार फूट पाणी हवं आणि खोली काठावर आकड्यांत लिहिलेली हवी. तळ कुठून उतरता होतो ते विचारून ठेवा, कारण नवशिके बहुतेक वेळा तिथेच फसतात. भिंतीला फेकायची रिंग आणि लांब काठी टांगलेली आहे का, लाइफगार्ड पाण्याकडे बघतोय की मोबाइलमध्ये, हेही बघा.

नाकाला झोंबणारा वास आला की लोक म्हणतात, "बघा, भरपूर क्लोरीन टाकलंय, पाणी स्वच्छ आहे." उलटं आहे. तो वास क्लोरीनचा घामाशी आणि लघवीशी संयोग होऊन जे तयार होतं त्याचा असतो, डोळेही त्यानंच चुरचुरतात. चांगल्या तलावावर पाण्याच्या तपासणीचा फलक असतो. पीएच, म्हणजे पाणी किती आंबट किंवा खारट-तुरट (आम्ल-अल्कली) आहे ते सांगणारा आकडा, ७.२ ते ७.८ च्या दरम्यान असला की ठीक. आणि हो, उतरण्याआधी शॉवर घेणं ही आपलीही जबाबदारी आहे.

सरांना एकच प्रश्न विचारा: एका वेळी किती जण असतात? एका सरांकडे तीस-चाळीस जण असतील तर मोठ्या माणसाकडे बघायला त्यांना वेळ होणार नाही. "पंधरा दिवसांत गॅरंटी" अशी पाटी असेल तर मी तरी दुसरीकडे जाईन. धक्का देऊन पाण्यात ढकलणारे सर असतील तर नक्कीच.

महिना कुठला? एप्रिल-मे मध्ये मुलांची झुंबड असते, पाणी कमी आणि पोरं जास्त. दिवाळीनंतर सकाळचं पाणी इतकं गार की दात वाजतात, कारण आपल्याकडचे बहुतेक तलाव तापवलेले नसतात. फेब्रुवारीचा शेवट-मार्च हा काळ सगळ्यांत सोयीचा. नाहीतर जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की तलाव ओस पडतो, तेव्हा जा.

३. कागदपत्रं

साधारण हेच मागतात:

- आधार कार्डाची झेरॉक्स
- पासपोर्ट साइज फोटो, दोन जादा ठेवा
- डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट
- घरच्या एकाचा मोबाइल नंबर आणि तुमचा रक्तगट, फॉर्मवर लिहायला
- अठराच्या आतल्यांसाठी पालकांचं संमतिपत्र

फिटनेस सर्टिफिकेट ही नुसती सही-शिक्क्याची बाब समजू नका. फिट येत असेल, हृदयाचा त्रास असेल, कानाच्या पडद्याला छिद्र असेल, दमा असेल, इन्सुलिन चालू असेल तर ओळखीच्या दुकानाशेजारच्या डॉक्टरांकडून शिक्का मारून आणू नका. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा आणि सरांनाही सांगून ठेवा. लपवून काही मिळत नाही.

४. सामान

गॉगलवर पैसे खर्च करा, बाकी साधं चालेल. गॉगल घेताना पट्टा न लावता नुसता डोळ्यांवर दाबून बघा. क्षणभर तरी आपोआप चिकटून राहिला तर तो तुमच्या चेहऱ्याचा. चष्मा असेल तर नंबरचे गॉगल मिळतात, ते घ्या. तळ नीट दिसला की निम्मी भीती जाते. आतली काच बोटानं पुसू नका, धुकं न धरण्याचा थर निघून जातो.

टोपी सिलिकॉनची घ्या, लांब केसांना कापडी टोपी पुरत नाही. कॉस्च्युमबद्दल बायका फार अडखळतात. पूर्ण बाह्यांचे, गुडघ्यापर्यंतचे किंवा पायघोळ, सगळे प्रकार आता मिळतात आणि तलावावर कुणी वळूनही बघत नाही. फक्त सुती कपडे, लेगिंग, टी-शर्ट नको. ते पाणी पितात, जड होतात, आणि बहुतेक तलावांवर चालतही नाहीत. किकबोर्ड, म्हणजे पाय मारताना हातात धरायची तरंगती फळी, तलावावर असतो. मुलांच्या दंडाला लावायच्या हवेच्या पिशव्या आणू नका. त्यानं अंग उभं राहतं आणि चुकीची सवय लागते.

५. घरातलं घमेलं

तलावावर जाण्याआधी आठवडाभर हे करा. घमेल्यात किंवा बादलीत पाणी घ्या. तोंडानं श्वास घ्या, चेहरा कपाळापर्यंत पाण्यात घाला आणि नाकातून हळूहळू हवा सोडा. "म्म्म" असा हुंकार दिला की हवा आपोआप नाकातून जाते आणि पाणी आत येत नाही. बुडबुडे संपले की चेहरा वर, तोंडानं श्वास, पुन्हा आत.

हे पोरखेळ वाटेल. पण नव्वद टक्के धडपड इथेच संपते, असं माझं मत आहे. नवशिका पाण्यात दम कोंडून धरतो. शरीराला "श्वास घे" अशी हाक मुख्यतः आत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे येते. म्हणजे छाती हवेनं भरलेली असली तरी तो वायू बाहेर सोडला नाही की गुदमरल्यासारखं होतं. मग माणूस घाईनं डोकं वर काढतो, अर्धा श्वास सोडतो, अर्धा घेतो, ठसका लागतो. पाण्यातच निवांत श्वास सोडून टाकला तर वर आल्यावर फक्त घ्यायचा उरतो.

याच्या उलट एक धोकादायक खेळ पोरं करतात: बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेऊन "दम वाढवायचा". त्यानं कार्बन डायऑक्साइड कमी होतो, हाक येतच नाही आणि पाण्याखाली माणूस बेशुद्ध पडतो. पट्टीचे पोहणारेही असे गेले आहेत. कधीही करू नका.

६. तरंगणं, आणि त्याहून महत्त्वाचं उभं राहणं

तलावातले पहिले काही दिवस उथळ बाजूला, कठड्याजवळ. पायऱ्यांवरून उतरायचं, उडी नाही. आधी नुसते चाला. पाणी छातीला दाबतं, त्यानं श्वास अपुरा वाटतो, त्याची सवय व्हायला हवी. मग कठडा धरून घमेल्यातलाच श्वास.

आता जे बॅचमध्ये घाईघाईत उरकतात किंवा शिकवतच नाहीत, ते: आडव्या अंगावरून परत पायांवर कसं यायचं. चार फूट पाण्यात माणसं गटांगळ्या खातात ती याच कारणानं. पाय खाली टेकवायला जावं तर पाय मागे सुटतात, डोकं बुडतं आणि भान सुटतं. रीत सोपी आहे. पालथे असाल तर गुडघे पोटाशी ओढून घ्या, दोन्ही हातांनी पाणी खाली आणि मागे दाबा, पाय तळाला लागू द्या, आणि मगच डोकं वर काढा. डोकं सगळ्यांत शेवटी. उताणे असाल तर हनुवटी छातीकडे, गुडघे पोटाकडे, आणि हात मागून पुढे ओढत बसते व्हा. कुणाचा तरी हात धरून हे इतक्या वेळा करा की विचार करावा लागू नये. सर नाही म्हणाले तरी करा.

मग तरंगणं. कठड्यापासून दोन पावलं लांब, भरपूर श्वास घ्या, गुडघ्यांना मिठी मारा, हनुवटी आत. आधी थोडं खाली जाल, मग पाठ आपोआप वर येईल. ही कासवासारखी स्थिती. पाणी आपल्याला वर ढकलतं यावर विश्वास बसतो तो इथंच, कुणाच्या सांगण्यावरून बसत नाही. त्यानंतर हातपाय पसरून पालथं तरंगा, शेवटी उताणं.

उताणं तरंगताना मान ताठ करून पाय कुठं आहेत ते बघायचा मोह होतो. डोकं उचललं की कंबर आणि पाय खाली जातातच. हवा छातीत असते, म्हणून छाती वर राहते आणि पाय जड पडतात. कान पाण्यात बुडू द्या, छताकडे किंवा आभाळाकडे बघा, पोट थोडं वर काढा. पाय तरीही थोडे खाली गेले तर जाऊ द्या, तोंड वर आहे ना? सडपातळ, कसरती अंगाच्या माणसांना तरंगायला जास्त त्रास होतो, अंगानं भरलेल्यांना कमी. चरबी पाण्यापेक्षा हलकी असते. जिममध्ये जाणाऱ्या जावयांपेक्षा सासूबाई आधी तरंगतात, हे आमच्या तलावावर बघायला मिळायचं.

मिनिटभर उताणं निवांत पडता येईपर्यंत पुढं जाऊ नका. हीच स्थिती दमल्यावर, गोळा आल्यावर, घाबरल्यावर तुमच्या कामी येणार आहे.

७. पाय

कठड्याला पायानं ढकलून हात पुढं ताणा, चेहरा पाण्यात, आणि जाल तिथपर्यंत नुसते सरका. मग किकबोर्ड धरून पाय. पाय कमरेपासून हलवा, गुडघ्यापासून नाही. सायकल मारल्यासारखे पाय मारले तर फेस खूप होतो आणि माणूस जागेवर. घोटे सैल सोडा. किकबोर्डवर डोकं वर धरून पाय मारायला लावतात, पण त्यानं कंबर बुडते आणि मान दुखते. मधूनमधून चेहरा पाण्यात घालून करा.

पोटरीत गोळा आला तर कठडा धरा, पाय सरळ करून अंगठा आपल्याकडे ओढा. हात पोचत नसेल तर पावलाची टाच पुढे ढकला. गोळा सुटला तरी त्याच दिवशी पुन्हा जोर लावू नका.

८. हात आणि बाजूचा श्वास

इथं सर आहेतच, फार लिहीत नाही. एवढंच, की फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे पालथं होऊन एकेक हात पुढं टाकत पोहताना, श्वासासाठी डोकं उचलायचं नसतं, अंगासकट बाजूला वळवायचं असतं. एक डोळा आणि एक कान पाण्यातच राहिला पाहिजे. श्वास पाण्यात सोडून झालेला असेल तरच एवढ्या वेळात नवा घेता येतो, म्हणजे पुन्हा घमेलं आलंच.

फ्रीस्टाइल आधी की बेडूकपोहणी (ब्रेस्टस्ट्रोक) आधी, यावर तलावावर वाद झडतात. बहुतेक ठिकाणी फ्रीस्टाइल आधी शिकवतात. समोर बघत, सावकाश जायचं असेल तर बेडूकपोहणी मोठ्यांना आवडते. पण गुडघे दुखत असतील तर तिच्या लाथेनं ते आणखी दुखतात. अशांनी फ्रीस्टाइल किंवा उताणं पोहणंच धरावं.

९. खोल बाजू

उथळ बाजूला रुंदीत आडवं पोहून सलग जाता यायला लागलं की मग. पहिल्यांदा भिंतीकडेनं, हाताच्या अंतरावर कठडा ठेवून, आणि सर पाण्यात असताना. त्याआधी पाणी तुडवणं शिका: अंग उभं, हातांनी पाण्यावर लोणी पसरवल्यासारखं इकडून तिकडे, पाय संथ, तोंड पाण्याच्या वर. घाई केली की दमता.

"मला पोहता येतं" असं कधी म्हणायचं? माझी कसोटी अशी: खोल बाजूला पाणी तुडवता येणं, तिथंच उताणं होऊन विसावता येणं, आणि मग वळून काठाला येणं. नुसती २५ मीटर एका दमात धडपडत मारली म्हणजे पोहता आलं असं होत नाही. तोवर खोल बाजूला एकटं जाऊ नका, मैत्रिणीच्या आग्रहानं तर अजिबात नाही. उडीही सरांच्या परवानगीनंच, आणि खोली माहीत नसलेल्या पाण्यात डोक्याकडून सूर कधीच नाही. तळ वर असेल तर मान मोडते.

१०. बारीकसारीक कटकटी

कानात पाणी राहिलं तर त्या कुशीवर पडा, निघून जातं. काडी घालू नका. दोन दिवसांत दुखू लागलं तर डॉक्टर.

केसांना तेल लावून तलावात उतरू नका, पाणी खराब होतं. आधी साध्या पाण्यानं केस भिजवा, म्हणजे क्लोरीनचं पाणी कमी शोषतात. तेल नंतर. अंगालाही खोबरेल लावलं तर खाज सुटत नाही.

पाळीत पॅड पाण्यात चालत नाही. कप किंवा टॅम्पॉन वापरत असाल तर उतरायला हरकत नाही, नाहीतर ते दिवस सुट्टी घ्या. बॅचच्या सुरुवातीला बाईंना सांगितलं तर काही ठिकाणी ते दिवस पुढं भरूनही देतात. विचारायला लाजू नका.

भरपेट खाऊन उतरू नका, उपाशीपोटीही नको. एखादं केळं पुरे. बाहेर आल्यावर भूक अशी लागते की भडंगाचा पुडा घरी पोचत नाही. वजन कमी करायला आलेल्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

११. दुसरं कुणी बुडत असेल तर

बुडणारा माणूस सिनेमात हात हलवून ओरडतो. खऱ्यात बहुधा आवाज येत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होतं, हात शिडी चढल्यासारखे पाणी दाबत असतात, नजर कुठेच स्थिर नसते. पोरगं पाण्यात एकदम गप्प झालं की आधी तिकडे बघा.

नुकतं शिकलेल्या माणसानं उडी मारू नये. बुडणारा मिठी मारतो आणि दोघं जातात. काठावर पालथं पडून काठी, ओढणी, साडीचा पदर पुढं करा, किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा तेलाचा कॅन, प्लास्टिकची घागर, ट्यूब, जे तरंगेल ते त्याच्याकडे फेका. १०८ ला फोन लावायला दुसऱ्याला सांगा.

बाहेर काढल्यावर पोट दाबून किंवा उलटं धरून पाणी काढत बसू नका, त्यात वेळ जातो. श्वास थांबला असेल तर आधी नाक दाबून तोंडावाटे श्वास द्या, मग छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी जोरात ३० दाब, २ श्वास, पुन्हा ३० दाब, अँब्युलन्स येईपर्यंत. काही तलावांवर आणि रुग्णालयांतून हे प्रत्यक्ष शिकवायची शिबिरं होतात, तिथं जाऊन पुतळ्यावर हात बसवून घ्या. आणि माणूस शुद्धीवर येऊन "मी ठीक आहे" म्हणाला तरी त्याला दवाखान्यात न्याच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही होऊ शकतो.